मालधक्क्यावरचे सहा रविवार

नातवंडांना कुणीतरी सांगून ठेवलंय की आजोबांनी तरुणपणी खंडाळ्याच्या घाटात मोटारीची शर्यत केली होती. झालं! सुट्टीला आली की माझ्या मागे लागतात. "सांगा ना आजोबा, किती जोरात पळवली?" मी त्यांच्या अंगावर खेकसतो. सून म्हणते, म्हातारपणी स्वभाव फार चिडका झालाय. असेल. पण चीड त्या पोरांची येत नाही, माझी मलाच येते. शर्यतीचं सांगायचं तर मामाचं सांगावं लागेल, आणि मामाचं सांगायचं तर स्वतःच्या तोंडानं स्वतःची अब्रू काढावी लागेल. समोर बसून तेवढं बोलवत नाही, म्हणून लिहितोय.

सन तीसनंतरची ती वर्षं. मी लोणावळा स्टेशनात मालबाबू होतो. मालधक्क्यावर येणारी-जाणारी पोती, पेट्या, पिंपं काट्यावर घालायची आणि पावती फाडायची, हे माझं काम. मॅट्रिक झालेला, इंग्रजी वाचणारा, काळा कोट घालणारा. आमच्या टाकवे गावात एवढं शिकलेला मी पहिलाच, त्यामुळे चांगलाच शेफारलो होतो.

वडील मी लहान असतानाच गेले. आई मला घेऊन माहेरी टाकव्याला आली आणि मामानं मला वाढवलं. मामा शेतकरी, भातखाचरांतला माणूस. पण सगळ्या मावळात त्याचं नाव होतं ते बैलगाड्यांसाठी. ओझ्याच्या गाड्या नव्हेत, शर्यतीचे गाडे. आमच्याकडे जत्रेत ज्या चढणीवर बैल पळवतात तिलाही घाटच म्हणतात, आणि त्या घाटात पळणारा गाडा जितका हलका तितका चांगला. मामा लाकडाचा तुकडा नुसता दोन हातांत तोलून सांगायचा, "ह्यो पावशेर जड हाय." तासायचा, पुन्हा तोलायचा. आणि आमच्या भागात एक रीत होती. नवा गाडा पहिल्यांदा शर्यतीला उतरला की बांधणाऱ्यानं त्यावर बसायचं. गाडा मोडला तर पहिली हाडं त्याची मोडावीत, म्हणजे काम करताना हात चोरायचा नाही. मामा असा कितीतरी गाड्यांवर बसला होता. एकदा खांदा निखळला होता, तेही तो हसत सांगायचा.

आता मोटारीचं. मुंबईच्या एका बॅरिस्टरांचा लोणावळ्यात बंगला होता. हौशी मोटारवाल्यांचा एक क्लब होता, त्याचे ते सेक्रेटरी. त्यांच्याकडे एक बेबी मोटार होती, विलायतेत कारकून-मास्तरांना परवडावी म्हणून काढलेली, चार माणसांनी उचलून बाजूला ठेवावी एवढीशी. त्यांच्या ड्रायव्हरनं ती कार्ल्याजवळ शेतात उलटी घातली. वरची बॉडी चेचून गेली, इंजिन मात्र धड होतं. पार्सल सोडवायला आले असताना ते मला म्हणाले, "भंगाराच्या भावात न्यायची असेल तर न्या. जानेवारीत क्लबाची घाट चढायची शर्यत आहे. छोट्या गाड्यांचा वर्ग वेगळा असतो. नीट झाली तर या तुम्हीही."

त्यांनी ते सहज म्हटलं असणार. मी मात्र तिथल्या तिथे हरभऱ्याच्या झाडावर चढून बसलो. रात्रंदिवस डोळ्यांपुढे एकच चित्र: ती सुटाबुटातली मंडळी, त्यांच्यात मी, आणि कुणीतरी माझा हात हातात घेऊन हलवतोय. गाडी जिंकावी असं मला वाटत होतं का? वाटत असेल थोडंफार. पण खरं तर त्या लोकांनी मला आपल्यातला म्हणावं, एवढीच हाव होती.

मालधक्क्यामागे एक पडकी शेड होती, तिथे गाडी ढकलत आणली आणि मामाला निरोप धाडला. मामा आला, गाडीभोवती दोन चकरा मारल्या, गुडघ्यावर बसून खालून पाहिलं आणि म्हणाला, "आरं, ह्यो तर गाडाच हाय. निस्ती बैलं आत घातल्यात."

मग सुरू झालं काम. इंजिन मी उघडलं, रेल्वेच्या इंजिनशेडमधल्या फिटरला विचारून विचारून व्हॉल्व्ह घासले. बाकीचं सगळं मामाचं. चेचलेली पत्र्याची बॉडी उतरवली. चाकांवरची मडगार्डं, टप, समोरची काच, दारं, मागची बैठक, सगळं काढलं. मामा एकेक वस्तू हातात तोलायचा, आकडा सांगायचा, मी ती काट्यावर ठेवायचो आणि शेरांचे पौंड करून बघायचो. फार तर चार-दोन तोळ्यांचा फरक. मग त्यानं बांबूच्या कामट्या भिजवून, शेकून वाकवल्या, त्यांचा सांगाडा केला, वर जाड कापड ताणून शिवलं आणि त्यावर जवसाच्या तेलाचे हात दिले. वाळल्यावर टिचकी मारली की ते डफासारखं वाजायचं. बसायला बाजेसारख्या काथ्यानं विणलेल्या दोन बैठका केल्या. लोखंडी पट्ट्यांवर बोटाची पेरं आपटून तो म्हणायचा, "हितं जोर येत न्हाई, हितं भोक पाड." मी पाडायचो. भाताची कापणी तोंडावर आलेली असताना हा माणूस टाकव्याहून येऊन माझ्या मोटारीला भोकं पाडत होता!

"शर्यतीत दोन माणसं बसत्यात म्हनं?" त्यानं एकदा विचारलं.

"हो. चालवणारा आणि सोबती. नियमच आहे तसा."

"मंग झालं की. वळणावर मी आत कलंडतो, तू निस्ता पळीव."

मला ते तेव्हा अगदी बरोबर वाटलं. दुसरं कोण बसणार? मामी तर गावभर सांगून आली की आमचे हे आता मोटारीच्या शर्यतीला बसणार. मावशी, काकी, पाटलाच्या घरच्या, सगळ्यांना माहीत झालं. मामाला पारावर बसणं मुश्कील झालं. "काय भाऊ, आता बैलास्नी इचारनार न्हाई तुमी!" असं जो तो चिडवायचा आणि मामा लाजून मिशीतल्या मिशीत हसायचा.

एका दुपारी बॅरिस्टर गाडी बघायला आले. बरोबर क्लबातले दोघे होते. मामा गाडीखाली उताणा पडून सुतळी आवळत होता. तेलानं काळं झालेलं धोतर मांड्यांपर्यंत खोचलेलं, डोक्याला फडकं, गालात तंबाखू. तसाच सरपटत बाहेर आला, पिचकारी टाकली आणि दात काढून म्हणाला, "लय हालकी केलीया सायेब. उचलून बघा की!"

त्या दोघांतला एक हसला. वाईट हसला असंही नाही. बॅरिस्टरांनी मला विचारलं, "हा तुमचा गडी का?"

मी म्हणालो, "हो."

बस, एवढंच. एका अक्षराचा शब्द. कुणी माझ्या गळ्याला सुरी लावली नव्हती. मामा आहेत माझे, असं म्हटलं असतं तर त्या माणसानं बहुधा त्याचा हातही हातात घेतला असता. पण माझ्या तोंडून 'हो' गेलं. मामा परत गाडीखाली शिरला होता. त्यानं ऐकलं की नाही हे मला आजतागायत माहीत नाही. विचारायची माझी छाती झाली नाही.

आणि एकदा 'हो' म्हटल्यावर पुढचं सगळं आलंच. गड्याला शेजारी बसवून मी शर्यतीला कसा जाणार? तिथे तो मला भाचेबुवा म्हणून हाक मारणार, मग माझा खोटेपणा उघडा पडणार. स्टेशनात एक तारबाबू होता, काडीसारखा बारीक, टोपी-टाय लावणारा. मी परस्पर त्याला विचारून टाकलं. तो आनंदानं तयार झाला. राहिलं मामाला सांगायचं.

खरं सांगायला तोंड हवं. मी नियम बनवला. म्हणालो, "मामा, क्लबाचा कागद आलाय. सोबत्याचं वजन एकशेतीस पौंडांच्या वर चालत नाही." मालधक्क्यावरच्या काट्यावर त्याला उभं केलं. एकशेअठ्ठेचाळीस भरलं. मला वाटलं, अठरा पौंड ऐकल्यावर तो हात टेकेल, चार शिव्या देईल आणि गप्प बसेल.

"म्हंजी आपलं किती शेर?" त्यानं विचारलं. मी हिशेब करून सांगितलं, नऊ शेर.

"हात्तिच्या! शर्यतीच्या बैलाचं उतरवितो, माझं उतरवाया काय झालं? सा आठवडं हायती की."

तिथेच त्याचे पाय धरायला हवे होते. मी म्हणालो, "बघ प्रयत्न करून."

तो कापणीचा, झोडणीचा काळ. दिवसभर विळा चालवायचा, भारे वाहायचे, भात झोडायचं. त्या दिवसांत माणूस चार भाकरी खातो. मामा सकाळी अर्धी नाचणीची भाकरी खायचा आणि संध्याकाळी ताक प्यायचा. घरात नव्या आंबेमोहराचा भात शिजत असला की हा उठून ओट्यावर जाऊन बसायचा. मामी माझ्यावर चिडायची, "कसला रं बाबा ह्यो तुझा किलब! मानसाला खाऊ दीना!" आणि दर रविवारी मामा टाकव्याहून रुळाच्या कडेनं चालत लोणावळ्याला यायचा. आगगाडीनं ये म्हटलं तर म्हणायचा, "चालल्यानं उतरतं."

पहिल्या रविवारी एकशेत्रेचाळीस. खरंच सांगितलं. दुसऱ्या रविवारी एकशेअडतीस, तेही खरंच सांगितलं. हा खरंच एकशेतीसच्या खाली येणार, हे मला कळून चुकलं. तिसऱ्या रविवारी एकशेतेहतीस भरलं. त्या दिवशी मी पहिल्यांदा काट्याच्या दांडीवरचं वजन अंगठ्यानं सरकवलं आणि म्हणालो, "एकशेसदतीस."

"एकच उतरलं?" मामाचं तोंड एवढंसं झालं. "आरं, धोतर ढिलं झालंया माझं."

"कधीकधी आठवडा अडतो, मामा."

सगळ्या जगाचं वजन हातानं सांगणारा तो माणूस. पण स्वतःला हातात घेऊन तोलता येत नाही, आणि काट्यावरचे इंग्रजी आकडे त्याला वाचता येत नव्हते. त्यासाठी मीच होतो, त्यानं शिकवलेला.

चौथ्या रविवारी तो एकशेएकोणतीस भरला. म्हणजे माझ्याच बनावट नियमात बसला. मी सांगितलं, एकशेपस्तीस. त्यानं मान हलवली आणि खाली उतरताना त्याचा तोल गेला. मी हात धरला तर मनगट माझ्या मुठीत मावलं. मी धक्क्याबाहेरच्या टपरीवरून चहा मागवला, तर म्हणतो, "नगं, साखर आसती त्यात." पाचव्या रविवारी एकशेसव्वीस, मी सांगितलं एकशेतेहतीस. तुम्ही म्हणाल, तुझा हात कसा झडला नाही? नाही झडला. हाताला काही होत नाही. मी रात्री जेवलो, झोपलो, दुसऱ्या दिवशी गाडीला नंबर रंगवला.

सहावा रविवार शेवटचा. शर्यत पुढच्या रविवारी. मामा आदल्या दिवसापासून पाणीसुद्धा न पिता आला होता. ओठ फुटलेले. काट्यावर चढायच्या आधी त्यानं डोक्याचं फडकं काढून ठेवलं, कमरेचा करगोटा काढला, तंबाखूची चंची काढली. काटा एकशेचोवीसला थांबला.

"बत्तीस," मी म्हणालो. "दोनच पौंड, मामा. थोडक्यात हुकलं."

तो उतरून वस्तू गोळा करत म्हणाला, "ऱ्हाऊ दी. नियम त्यो नियम. काट्याचं माझ्याशी काय वाकडं हाय व्हय? तू दुसरा गडी बघ." वर मलाच धीर दिला, "तू नगं वाईट वाटून घीऊ."

शर्यतीच्या दिवशी मी आणि तारबाबू गाडी घेऊन सकाळी घाट उतरलो, पायथ्याशी खोपोलीजवळ गेलो. तिथे तंबू, निशाणं, खुर्च्या, बाया-माणसं. आमची तेल पाजलेल्या कापडाची गाडी बघायला ही गर्दी जमली! माझी छाती फुगली. गर्दीच्या कडेला मामा दिसला. पायी घाट उतरून आला होता, धुतलेलं धोतर, कोरं फडकं, एवढा वाळलेला की कोट खांद्यावरून घसरत होता. त्यानं मला हात केला. मी बघितलं न बघितलंसं केलं.

मग क्लबाच्या लोकांनी प्रत्येक गाडी माणसांसकट तोलायला घेतली. चारी चाकांखाली छोटे काटे होते. आमच्या गाडीपाशी त्यांनी दोनदा बेरीज केली. बॅरिस्टर कागद घेऊन आले.

"अहो, तुमची गाडी वीस पौंडांनी कमी भरते."

मला कळेना. "कमी म्हणजे चांगलंच ना?"

"कमीत कमी वजन ठरलेलं असतं. सगळ्यांना सारखं. नियमांच्या दुसऱ्या पानावर आहे. वाचलं नाहीत?"

नव्हतं वाचलं! इंग्रजी वाचणारा मी, पहिल्या पानावर माझं नाव छापलेलं बघून दुसरं पान उलटलंच नव्हतं. आमच्या घाटात कुणी कधी गाडा फार हलका म्हणून परत पाठवला होता का? हलकं ते चांगलं, एवढंच मी जन्मापासून ऐकलेलं, आणि मामानंही. तारबाबू एकशेदोन पौंडांचा होता. मामा बसला असता तर एक खडासुद्धा लागला नसता.

"काही नाही, धोंडे भरा पोत्यात आणि बांधा आत," बॅरिस्टर म्हणाले. "पण घट्ट बांधा, वळणावर हलता कामा नये."

मी इकडेतिकडे बघतोय तोवर मामा पुढे आला. त्याला बोलणं सगळं कळलं होतं, मराठीतच तर होतं. तो बाजूच्या ओढ्यात उतरला, चपटे चपटे धोंडे निवडले, एकेक हातात तोलला, बरोबर वीस पौंड. क्लबाच्या माणसानं घालून बघितले, रत्तीचा फरक नाही. मग मामानं ते गोणपाटात घालून बैठकीमागे सुतळीनं आवळले, गाड्याची जोखडं आवळतात तसे. गाठ एकदम पक्की. त्यानं तारबाबूलाही समजावलं, "वळणाला आतल्या अंगाला कलंडायचं बरं का सायेब. घाबरायचं न्हाई."

वजन कमी पडतंय म्हटल्यावर त्याला माझ्या काट्याची शंका आली असावी. माझ्या बाजूला येऊन त्यानं हलक्या आवाजात विचारलं, "माझं खरं वजन किती हुतं रं?"

त्या माणसाशी आणखी खोटं बोलवेना. "एकशेचोवीस," मी म्हणालो. "चौथ्या रविवारीच एकशेतीसच्या खाली आला होतास."

त्यानं माझ्याकडे बघितलं. रागानं नव्हे. रागावला असता तर मी सुटलो असतो. म्हणाला, "मंग फुडलं दोन आठवडं मी उपाशी का ऱ्हायलो?"

तेवढ्यात आमचा नंबर पुकारला. चढावर गाडी सुरू व्हायला ढकलावी लागायची. मागून ढकलणाऱ्यांत मामा होता.

गाडी पळाली. छान पळाली. पोत्यातला एक धोंडा हलला नाही, बांबूची एक कामटी कुरकुरली नाही. वर्गात आमचा दुसरा नंबर आला. वर खंडाळ्याला लोकांनी टाळ्या वाजवल्या, एका गोऱ्या बाईनं कापडावर टिचकी मारून बघितली, आणि बॅरिस्टरांनी खरोखर माझा हात हातात घेऊन हलवला. "बॉडी कुणी बांधली?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, "माझ्या मामांनी." "अरे वा! आलेत का? बोलवा की त्यांना." मी खाली पायथ्यापर्यंत जाऊन आलो. मामा निघून गेला होता.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून टाकव्याला गेलो. पाय धरायचे, मामीसमोर सगळं ओकून टाकायचं, असं ठरवूनच गेलो. दुपारची वेळ होती. मामा जेवायला बसला होता, पानात नव्या आंबेमोहराचा भात. मला बघून म्हणाला, "ये. बस. पान वाढ गं त्याला."

मी खाली बसलो. मामीचं तोंड आनंदानं फुललेलं. वाढता वाढता म्हणाली, "आरं, तू तरी सांग! ह्ये काल आल्यापासनं धड बोलंनात. गाव इचारतंय नुसतं. बसलं न्हवं ह्ये मोटारीत? कशी पळाली?"

मी मामाकडे बघितलं. त्यानं वर बघितलं नाही. भात कालवत म्हणाला, "बसलो की. लय पळाली. सांगितलं न्हवं तुला."

"आन् भ्या न्हाई वाटलं? येवढा घाट!"

"भ्यायचं काय त्यात?" मामा म्हणाला. "भाचा चालवीत हुता."

मामीनं माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, "हो मामी, बसला होता." आणि खाली मान घालून भात खाल्ला.